घरातली गाडी

‘गाडी घरातलीच आहे’ असं कुणी माझ्यासमोर म्हटलं की माझं डोकं फिरतं. निम्मं आयुष्य मी रत्नागिरीत जुन्या मोटरसायकली घेण्या-विकण्यात घालवलं. कुणी बोलावलं तर दुसऱ्याची गाडी बघूनही देतो. एवढ्या वर्षांत एजंटांनी फसवलेली माणसं पुष्कळ पाहिली, पण घरातल्या गाडीने फसलेली त्याहून जास्त. एजंटाकडे जाताना माणूस निदान डोळे उघडे ठेवतो, चार शंका काढतो, बरोबर एखादा जाणता मित्र नेतो. मामाची, मेहुण्याची, भावकीतल्या कुणाची गाडी घेताना मात्र तो हात जोडतो आणि डोळे मिटतो. मग कशेडी घाटात चाक जाम झालं की म्हणतो, साडेसाती. कसली साडेसाती? बेअरिंगमध्ये वाळू होती.

दिवाळी अंकात असं तोंड टाकू नये हे मला कळतं. माणसं चकली खात वाचणार. पण ‘तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा’ म्हणत संपादक स्वतः दुकानात आले होते, आणि अनुभव असेच आहेत. गोड हवे होते तर मिठाईवाल्याकडे जायचं.

माझे बाबा चिरेखाणीवर होते. लांजा तालुक्यातल्या आमच्या वाडीतून माझ्याआधी कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून कुणी चढलं नव्हतं. त्या पायरीचे चिरे काढायला आमच्यातलं कुणी गेलं असेल तर असेल. मी बी. एस्सी. झालो, फिजिक्स घेऊन, चांगल्या मार्कांनी. हे मी लपवत नाही. पण नोकरीच्या मागे न लागता जुन्या गाड्यांत शिरलो, तर सगळ्या गावाला दुःख. ‘शिकला नि भंगारवाला झाला.’ नाव सुधाकर, पण बाजारात अजून मला ‘बीएस्सी’ म्हणूनच हाक मारतात. ‘ओ बीएस्सी, ह्या स्कूटरचं गुरुत्वाकर्षण बघा जरा!’ त्यांना वाटतं मला झोंबेल. मला नाही झोंबत. वजन कुठून कुठे जातं, लोखंड कशाने थकतं, हे जे पुस्तकात वाचलं ते मी रोज वापरतो. खुर्चीत बसलेल्या किती पदवीधरांना असं म्हणता येईल?

आता धंदा थोडा समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

बाजारातून भाजी आणायची गाडी वेगळी आणि दोघांनी सामान बांधून दिवसच्या दिवस चालवायची गाडी वेगळी. भाजीची गाडी बिघडली तर ढकलत घरी आणता येते. दूरच्या गाडीवर माणूस स्वतःचा नि मागच्याचा जीव ठेवतो, तोही अशा रस्त्यावर जिथे त्याला ओळखणारं कुत्रंही नसतं. तरी गिऱ्हाईक येतं ते टायरला लाथ मारतं, एक्सलेटर पिळतं, मान वाकडी करून आवाज ऐकतं. काय ऐकू येतं त्यांना, देव जाणे. मग मीटरमध्ये डोकावतं आणि चेहरा पाडतं, ‘बरीच चाललीय हो.’

बरीच चाललेली आहे म्हणून तर चांगली आहे! विहिरीचा उपसा थांबला की पाणी कुजतं, तसं उभ्या गाडीचं होतं. आमच्याकडे चाकरमान्यांच्या गाड्या गावच्या पडवीत ताडपत्रीखाली उभ्या असतात. गणपतीला आणि शिमग्याला ताडपत्री निघते, बाकी वर्षभर समुद्राची खारी हवा त्या लोखंडाला चाटत असते. टाकीत आतून गंज, रबरं वाळून कडक, एअर फिल्टरमध्ये उंदराने बाळंतपण उरकलेलं. आणि मीटर बघून लोक म्हणतात, नवीकोरी! उलट औषधांच्या कंपनीचा एखादा प्रतिनिधी, ज्याची भाकरीच गाडीवर आहे, तो राजापूरपासून मंडणगडपर्यंत रोज फिरतो, पण वेळेवर ऑइल बदलतो, चेन साफ करतो, कुरकुर ऐकली की त्याच दिवशी गॅरेजात जातो. गाडी रस्त्यात बंद पडली तर त्याचा साहेब त्याला सोडत नाही. असली गाडी मी डोळे झाकून घेतो. म्हणजे झाकत नाही, पण झाकले तरी चालेल.

मी सगळ्यात आधी बघतो ते चेसिस. गाडीचा सांगाडा. हँडलचा दांडा सांगाड्याच्या ज्या नळीत बसतो, ती नळी माझ्या लेखी गाडीचा कणा. ब्रेक मारला की गाडीचं, सामानाचं, दोघांचं वजन पुढे धावतं आणि त्या नळीच्या जोडावर आदळतं. प्रत्येक खड्ड्याला आदळतं. अपघातात तिथे मार बसला आणि कुणी कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून सांधून घेतला, तर वरून रंग मारल्यावर काहीही दिसत नाही. वेल्डिंगचा टाका कदाचित टिकेल. पण त्याच्या कडेचं लोखंड तापून स्वभाव बदलतं, आणि तडा जातो तो तिथे. केसाएवढा सुरू होतो, दर खड्ड्याला थोडा थोडा वाढतो. इंजिन बिघडताना आवाज करतं, धूर सोडतं, बोंबलून सांगतं. चेसिस काही सांगत नाही. एक दिवस हँडल हातात राहतं आणि गाडी वेगळी जाते.

हे तपासायला माझ्याकडे कसलंही यंत्र नाही. सुतळी आहे. मागच्या चाकाला बांधून दोन्ही बाजूंनी ताणत पुढच्या चाकापर्यंत न्यायची. दोन्हीकडे सारखी फट राहिली तर सांगाडा सरळ. एका बाजूला सुतळी चाकाला घासली नि दुसरीकडे बोटं जायला लागली, तर त्या गाडीच्या आयुष्यात काहीतरी होऊन गेलंय. मग मालक देवाची शपथ घेवो, नाहीतर पोराची.

असो. ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगितलं ती आता सांगतो.

दत्ताराम सारंग हे माझे जुने गिऱ्हाईक. सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. हे त्यांचं आडनाव नव्हे, पण अख्खी वाडी त्यांना सारंगकाकाच म्हणते. भाट्याच्या पुलापलीकडे किनाऱ्याला घर. जन्म मालवाहू बोटींवर गेला. निवृत्त होऊन घरी आले आणि मासळी, कवळ्या पानांचा विडा नि टीव्ही यांत वर्षभरात कंटाळले. एक दिवस बायकोला घेऊन माझ्या दुकानात हजर.

“बीएस्सी, गाडी दे. कन्याकुमारीला जायचंय.”

मला वाटलं थट्टा करतायत. सुमनकाकी मागून म्हणाल्या, “खरंच सांगतायत. शंभर वेळा कन्याकुमारी बघितली म्हणतात, उतरले एकदा पण नाय.”

“कसा उतरणार? बोट काय एस्टी आहे, हात दाखवून थांबवायला?” काका म्हणाले. मग जरा गंभीर झाले. “अरे, हा सगळा किनारा मी पाण्यावरनं बघितला. नुसते दिवे. कारवारचा दिवा, मंगळूरचा दिवा. त्या दिव्यांच्या मागे गावं असतील, माणसं असतील. एकदा जमिनीवरनं बघायचाय. हिला मागे बसवून.”

मला माणूस आवडला. वय झालेलं, पण हात घट्ट, नजर साफ, गाडी चालवायची सवय न मोडलेली. मी त्यांना एक गाडी दाखवली. औषध प्रतिनिधीचीच होती. रंग विटलेला, सीट साधी, पण सुतळीला सरळ आणि इंजिन घड्याळासारखं. काका तिच्याभोवती फिरले. “दिसायला अगदी मालवाहू बोट,” म्हणाले. म्हणजे पसंत होती. गणपती झाले की घेऊन जातो म्हणाले.

गणपतीच्या आधी काकांचा फोन. आवाजात ओशाळेपणा आणि अभिमान दोन्ही.

“बीएस्सी, ती गाडी राहू दे. जावई आपली देतोय. मोठी गाडी आहे रे, ऐटीची. गुहागरला त्याच्या गावी असते, मुंबईत ठेवायला जागा नाय. काय चाललेली नाय. घरातलीच आहे.”

मी म्हटलं, “काका, त्यांची घ्यायची तर घ्या. पण एकदा मला बघू द्या.”

काका म्हणाले, “जावयाची गाडी तपासायची? सुधाकर, उद्या माझ्या पोरीला तिकडे नांदायचंय.”

हे आमचं कोकण. कुंडली दहा ज्योतिषांना दाखवू, आंबा घेताना देठाशी नाक लावून वास घेऊ, पापलेटाचा गाल उचकटून बघू. जावयाच्या गाडीखाली वाकलो तर मात्र अब्रू जाते.

मी गप्प बसणार होतो. खोटं कशाला बोलू, गप्प बसायचं ठरवलंच होतं. पण दुसऱ्या दिवशी काकींचा फोन आला. “सुधाकरा, गौरी-गणपतीला ये हां घरी. जावईबापू गाडी घेऊन येतायत. बघायला म्हणून नको येऊस. प्रसादाला म्हणून ये.” एवढंच. पण मागे बसणाऱ्या त्या होत्या.

मी गेलो. अंगणात मांडव, भजनाच्या पेट्या एका बाजूला, भावकीतली माणसं ओटीवर पानसुपारी करत बसलेली. जावई नीलेश गाडी घेऊन आला होता. घेऊन म्हणजे टेम्पोत घालून. टेम्पोतून फळी लावून चौघांनी गाडी उतरवली.

“पावसात चिखल लागेल म्हणून टेम्पो केलान,” काका सगळ्यांना सांगत होते. “बघा, किती जपतो!”

तवसाळला फेरीबोटीत गाडी घातली की पलीकडे जयगड, तिथून रत्नागिरी कितीशी लांब? जी गाडी कन्याकुमारीपर्यंत जाणार, ती गुहागरहून रत्नागिरीपर्यंत स्वतःच्या चाकांवर येत नाही? मोटरसायकलवाला माणूस पावसात गाडी टेम्पोत घालत नाही. पावसात तर त्याला चालवायची असते.

गाडी दिसायला नवरीसारखी. काळी, चकचकीत, हँडलला झेंडूचा हार. काकांच्या चुलतभावाने, सगळे त्यांना तात्या म्हणतात, नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. आमच्याकडे घरात नवी वस्तू आली की देवाला असं मोठ्याने सांगून ठेवतात. एकदा गाऱ्हाणं झालं की व्यवहार पक्का. मग माघार घेणं म्हणजे देवाच्या तोंडावर माघार.

“बा गजानना, ह्या घरच्या जावयाने ही गाडी सासऱ्याला दिलीन आहे...”

“व्हय म्हाराजा!” सगळे.

“हिच्यावर बसून तुझी लेकरं लांबच्या वाटेला निघतायत...”

“व्हय म्हाराजा!”

“त्यांच्या वाटेत काय इडापिडा असेल ती...”

“तात्या, जरा थांबा,” मी म्हणालो.

तात्यांचा नारळाचा हात वरच राहिला. “गाऱ्हाणं अर्ध्यात कोण थांबवतो रे? कोण हा?”

“जुन्या गाड्यांवाला,” ओटीवरून कुणीतरी म्हणालं. “ह्याची गाडी रद्द केली ना सारंगान. म्हणून पोटात दुखतंय.”

इथे माझा पारा चढला. मांडवाला बांधून उरलेली सुतळी खांबाशी पडली होती, ती उचलली. गाडी स्टँडवर सरळ होती. मागच्या चाकाला सुतळी बांधली, दोन्ही बाजूंनी पुढे ताणली. डावीकडे सुतळी पुढच्या टायरला घासत होती. उजवीकडे माझी दोन बोटं आरामात जात होती.

“अंगण सपाट नाय,” नीलेश म्हणाला.

“अंगण वाकडं असेल तर दोन्ही चाकं त्याच अंगणात आहेत ना हो?”

“स्टँडवर तसं दिसतं.”

मी वाकलो. मोबाईलचा दिवा टाकीखाली धरला आणि जे बघायचं होतं ते दिसलं. हँडलच्या नळीच्या जोडावर काळा रंग जाड थापलेला. त्याखाली वेल्डिंग, मेणबत्ती ओघळावी तसं ओबडधोबड. कारखान्यातला टाका असा नसतो, तो माशाच्या खवल्यांसारखा एकावर एक, एकसारखा असतो. आणि त्या ओघळाच्या कडेने, काळ्या रंगातून, एक बारीक तांबडी रेघ बाहेर आली होती. मेंदीच्या काडीने ओढावी तशी. आत पाणी जाऊन गंज बाहेर पाझरत होता. म्हणजे तडा पुढे कधी जाणार नव्हता, आधीच गेलेला होता.

मी काकांना म्हटलं, “वाका आणि बघा.”

ते वाकले नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाले, “सुधाकर, प्रसाद घे आणि घरी जा.”

“काका, आयुष्यभर बोटीवर काढलंत. बोटीच्या तळाला अशी रेघ दिसली असती तर निघाला असतात बंदरातून?”

नीलेश पुढे झाला. शिकलेला मुलगा आहे, मुंबईत कंपनीत बऱ्या हुद्द्यावर आहे, बोलायलाही वाईट नाही. “हे बघा, किरकोळ वेल्डिंग असेल मागच्या मालकाचं. मी घेतली तेव्हापासून काही प्रॉब्लेम नाही. मेकॅनिकने सांगितलंय, लोखंड आहे, वेल्डिंग केलं की पहिल्यापेक्षा पक्कं होतं.”

पहिल्यापेक्षा पक्कं! हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला मी शोधतोय. मी तोंड उघडलं, आणि मला आठवतंय, मी बराच वेळ बोलत होतो, आवाज चढवून. वजन, ब्रेक, थकलेलं लोखंड, सगळं. कुणालाही काही पटत नव्हतं. जितकं मी ओरडत होतो, तितका मी त्यांना जास्तच लबाड दिसत होतो. फिजिक्सचा तिथे काही उपयोग झाला नाही हे मी इथे लिहून ठेवतो.

तेव्हा सुमनकाकी माजघरातून बाहेर आल्या. हाताला तांदळाचं पीठ, मोदकांचं. त्यांनी गाडीकडे पाहिलंही नाही. जावयाला म्हणाल्या, “जावईबापू, तुमचं म्हणणं खरंच असणार. आम्हाला त्यातलं काय कळतंय? एक करा. नारळ फोडायच्या आधी एक फेरी मारून या. वर्षाला मागे बसवा, भाट्याच्या पुलापर्यंत जा नि या.”

वर्षा म्हणजे त्यांची मुलगी, नीलेशची बायको. ती दारातच उभी होती.

“आत्ता?” नीलेश म्हणाला. “आत्ता कशाला? ती साडीत आहे.”

“मी पण साडीतच जाणार आहे कन्याकुमारीला.”

ओटीवर कुणीतरी हसलं.

“पाऊस येईल.”

“पाऊस मंगळूरला पण येईल.”

“आई, मी एकटा मारून येतो ना फेरी. लगेच.”

“एकट्याने नको. मला मागच्याचं बघायचंय.”

नीलेश किल्ली हातात फिरवत उभा राहिला. तेवढ्यात वर्षा म्हणाली, आणि तिला बिचारीला वाटलं ती नवऱ्याची बाजू सावरतेय, “आई, मला ते ह्या गाडीवर बसवत नाहीत. गेल्या शिमग्यापासून. सीट टोचते तुला म्हणतात.”

काकींनी पदराने हाताचं पीठ पुसलं. “टोचते होय?” म्हणाल्या.

एवढंच. आणि नीलेशच्या तोंडाकडे बघून अंगणातल्या शेवटच्या माणसाला कळलं की त्याला माहीत होतं. वेल्डिंग मागच्या मालकाचं नव्हतं. तात्यांनी खोदून विचारल्यावर बाहेर आलं, शिमग्यात आंबा घाटात तो पडला होता, घरी सांगितलं होतं बाथरूममध्ये घसरलो. स्वतःच्या बायकोला ज्या गाडीवर बसवायला त्याचा धीर होत नव्हता, ती त्याने सासू-सासऱ्यांना हार घालून आणून दिली होती. वाईट माणूस नव्हे तो. त्याला कुणाचा जीव घ्यायचा नव्हता. त्याला फक्त ‘मी पडलो’ एवढं म्हणायचं नव्हतं. आणि सगळ्यांच्या देखत जावई म्हणून मोठं व्हायचं होतं. मला अशाच माणसांचा जास्त राग येतो. दरोडेखोराला निदान आपण दरोडा घालतोय हे ठाऊक असतं.

तात्यांनी नारळ खाली ठेवला. फोडला नाही. गाडी पुन्हा टेम्पोत चढली, तेव्हा फळी धरायला कुणी पुढे आलं नाही, मी आणि टेम्पोवाला सोडून.

आता तुम्हाला वाटेल माझे आभार मानले असतील. सारंगकाका दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. बाजारात समोर आले तर मासे बघायला लागायचे. मग एकाकडून निरोप, ‘सुधाकर बरोबर होता, पण सांगायची एक पद्धत असते.’ हे मी आयुष्यभर ऐकत आलोय. काय पद्धत? कानात सांगितलं असतं तर कानातच राहिलं असतं. गाऱ्हाणं झाल्यावर सांगितलं असतं तर म्हणाले असते, आता देवाला कसं नाही म्हणू? आणि काहीच न सांगता त्यांना कुठल्यातरी परक्या इस्पितळात बघायला गेलो असतो, तर मात्र सगळे म्हणाले असते, अरे, तुला एवढं कळतं, बोलला का नाहीस? पद्धतशीर गप्प बसणाऱ्यांच्या जिवावर आमच्या घाटांत क्रेनवाले पोट भरतात.

एका गोष्टीचं मात्र मला वाईट वाटतं. वर्षाला ते सगळ्यांच्या समोर कळलं.

दिवाळीनंतर काकी दुकानात आल्या. काका रस्त्यापलीकडे रिक्षात बसून राहिले. काकी म्हणाल्या, “ती मालवाहू विकलीस काय रे?” विकली नव्हती. ठेवली होती का, तर हो, ठेवली होती. काकांनी रिक्षातूनच हात केला, किल्ली घ्यायला मात्र उतरले. माझ्याकडे न बघता गाडीखाली वाकले, गुडघ्याचा आवाज करत, आणि जोडावर बराच वेळ दिवा धरून बघत राहिले. “सुतळी आण,” म्हणाले. मी आणली. त्यांनी स्वतः ताणून बघितली. मग निघाले.

थंडीत दोघं कन्याकुमारीला जाऊन आली. वाटेत काकींचा एकदाच फोन आला, कारवारच्या पुढून कुठूनतरी. मागे काकांचा मोठा आवाज. “हे दीपगृहाच्या खाली उभे आहेत नि वरच्या माणसाशी भांडतायत,” काकी म्हणाल्या. “म्हणतात, तुझा दिवा अमक्या साली दोन रात्री बंद होता, आम्ही किती घाबरलो होतो, का बंद ठेवलास सांग.” गाडीने एकदा चेन घट्ट करायला लावली, बाकी तक्रार नाही.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल. पण तेवढ्यावर ती संपली नाही.

त्या काळ्या गाडीचं काय झालं? मी नीलेशला फोन केला होता, गणपतीनंतर लगेचच. म्हटलं, झालं ते झालं. तुम्ही म्हणाल त्या भावाने मी ती गाडी घेतो. चेसिस कापून टाकतो, बाकीचे भाग विकतो. तुमचं नाव येणार नाही.

तो म्हणाला, “तुम्हाला दिली तर लोक म्हणतील, खराबच होती.”

मी समजावलं. आवाज न चढवता, पद्धतशीर. तो म्हणाला, बघतो. मग फोन उचलेनासा झाला. काही दिवसांनी वर्षाचा फोन आला. “दादा, गाडी गेली. कुणाला दिली सांगत नाहीत. चिपळूणकडचं कुणीतरी होतं, एवढं ऐकलं.” गाडीचे कागद मुंबईच्या पत्त्यावर, नंबर तिला पाठ नव्हता, आणि त्या दिवशी अंगणात एवढा आरडाओरडा केला, पण नंबर मीही बघितला नव्हता. पोलिसांत जाऊन काय सांगणार? कायदा म्हणतो गाडी ज्याची त्याने विकावी, घेणाऱ्याने बघून घ्यावी. घेणारा बघत नाही, ते मी वर सांगितलंच.

चिपळूणच्या ओळखीच्या सगळ्या दुकानदारांना मी फोन केले. एकाने आश्वासन दिलं, एकाने चेष्टा केली, एकाने विचारलं, “तुम्हाला हवीय का ती? मग चांगलीच असणार.”

तेव्हापासून त्या बनावटीची काळी गाडी कुठे उभी दिसली की मी थांबतो. हातखंब्याच्या टपरीवर, गणपतीपुळ्याच्या पार्किंगमध्ये, कुठेही. वाकून टाकीखाली बघतो. दोनदा लोकांनी चोर म्हणून धरलं. बायको म्हणते, पुरे झालं आता. खरं आहे तिचं.

परवाच हातखंब्याला एक उभी होती. हँडलला दोन हेल्मेटं, मागे बॅगा बांधलेल्या, लांबचा प्रवास. मी दिवा काढून खाली वाकलो. टपरीवरून एक तरुण धावत आला, हातात वडापाव, मागून त्याची बायको.

“ओ काका! काय चाललंय? विकायची नाय ती.”

“दोन मिनिटं,” मी म्हटलं. “जोड बघतोय.”

“कसला जोड? तुम्ही कोण?”

“जुन्या गाड्यांचा धंदा आहे माझा.”

“हां,” तो बायकोकडे बघून हसला. “खोट काढून स्वस्तात मागायची आयडिया.”

मी दिवा नळीवर फिरवला. जोड कारखान्यातला होता, खवल्यांसारखा, एकसारखा, स्वच्छ. मी उठलो, गुडघे झटकले, त्यांना सांगितलं, गाडी चांगली आहे, खुशाल जा. दोघं हसत हसत निघून गेली. मी तिथेच उभा होतो. ही ती नव्हती. म्हणजे ती अजून कुठेतरी चालतेच आहे.